रेडिओवरून शाळेत कसं जावं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

तुम्हाला कुणीतरी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घातलेलं आहे. नको म्हणायच्या आत एकशे चौदा मेसेज येऊन पडले, त्यांतले साठ गुलाबाच्या फुलांचे. चाळीस वर्षांनी सगळ्यांनी भेटायचं ठरतंय. मंगल कार्यालय बघून झालंय, माणशी बाराशे रुपये काढायचेत, आणि संयोजकाने (जो वर्गात बाई नसताना फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, तोच) फर्मान काढलंय की प्रत्येकाने ‘शाळेचे दिवस आणि रेडिओवरची गाणी’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचं. शेवटी एखादी ओळ गुणगुणलीत तर उत्तम.

आणि तुम्हाला काहीच आठवत नाहीये.

घाबरू नका. काहीच आठवत नाही हे फक्त कुणाला सांगू नका, कारण आठवत कुणालाच नसतं. मी आजवर अशा पाच मेळाव्यांना हजर राहिलेय. दोन आमच्या शाळेचे, एक नवऱ्याच्या शाळेचा आणि दोन निव्वळ जेवण चांगलं असतं म्हणून. पाचही ठिकाणी माणसं रडली. चौथ्या मेळाव्यात तर मीसुद्धा रडले, तेही दुसऱ्यांच्या शाळेसाठी. तेव्हा या विषयात मला अधिकार आहे असं समजून पुढच्या पायऱ्या मुकाट्याने चढा.

पायरी 1 : आधी रेडिओ मिळवा

घरात रेडिओ नव्हता? बिघडलं काय. माझ्याही नव्हता. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात आम्ही वाड्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. रेडिओ होता मालकांच्या माजघरात. मधे कुडाची भिंत. माझं सगळं संगीतशिक्षण त्या भिंतीला पाठ टेकून झालं, आणि पाठीला लागलेली माती झटकत झटकत मी मोठी झाले. तरीही मागच्या दोन्ही मेळाव्यांत मी “आमच्याकडचा मर्फी” असा उल्लेख केला. आभाळ कोसळलं नाही.

शक्यतो मर्फीच घ्या. फिलिप्स चालेल, बुश चालेल, पण मर्फी म्हटलं की जाहिरातीतलं ते ओठांवर बोट ठेवलेलं गुटगुटीत बाळ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उभं राहतं आणि तुमचं निम्मं काम ते बाळ करून टाकतं. नुसतं नाव घेऊन भागणार नाही, खाली चार सामान मांडा. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल. काकूने क्रोशाने विणलेलं झाकण. बटण फिरवल्यावर आधी पिवळा उजेड पडायचा आणि व्हॉल्व्ह तापल्यावर सावकाश आवाज यायचा, तेवढ्या वेळात घरातला प्रत्येक माणूस “लागला का?” असं एकदा विचारून घ्यायचा. ट्रान्झिस्टर सांगणार असाल तर सेल उन्हात वाळत घातल्याचं सांगायला विसरू नका. पापड आणि सेल एकाच सुपात होते, असं सांगितलंत तर टाळ्या नक्की.

एक सापळा आहे, तेवढा सांभाळा. मेळाव्यात एखादा पोस्टातून निवृत्त झालेला वर्गमित्र असतो. तो मधेच विचारतो, “लायसन कोण भरायचं तुमच्याकडे?” रेडिओला तेव्हा परवाना लागायचा, दर वर्षी पोस्टात पैसे भरून नवा करून आणावा लागायचा. ज्याच्या घरी खरंच रेडिओ होता त्याला ही कटकट पाठ असते. तुम्ही न अडखळता “बाबा” म्हणा. आणि लगेच बाबांची आठवण येऊन गप्प व्हा. पोस्टमनसुद्धा त्यापुढे विचारत नाही.

पायरी 2 : वर्षांचा हिशेब करा, पण फार नाही

कागदाच्या डाव्या बाजूला तुमच्या इयत्ता लिहा, उजव्या बाजूला सिनेमे. ‘बॉबी’ 1973, ‘शोले’ 1975, ‘कुर्बानी’ 1980. आता रेषा जोडा. ज्यांची दहावी 1983 ची आहे, म्हणजे माझ्यासारखी, त्यांना ‘कुर्बानी’ अगदी मोक्याच्या वयात मिळतो. नाझिया हसनने त्यातलं डिस्को गाणं गायलं तेव्हा ती स्वतःच शाळेच्या वयाची होती, जेमतेम पंधराची. आम्ही त्याच वयात ‘शालेय जीवनातील शिस्तीचे महत्त्व’ यावर निबंध लिहीत होतो. हे वाक्य तुम्हीही वापरू शकता, मी दोन्ही वेळा वापरलंय.

अडचण येते ती काठावरच्या गाण्यांची. मागच्या मेळाव्यात मी ‘हीरो’मधल्या बासरीच्या सुरावटीवर साडेतीन मिनिटं बोलले. नववीच्या वर्गाची खिडकी, बाहेर पाऊस, लांबून येणारी ती बासरी. सभागृह स्तब्ध. घरी आल्यावर लेकीने फोनवर बघून सांगितलं, “आई, ‘हीरो’ डिसेंबर 1983 मध्ये आला.” म्हणजे मी दहावी पास होऊन कॉलेजात जायला लागून सहा महिने झाल्यावर. मग त्या पावसात वाजत काय होतं, देव जाणे. पण सभागृहात कुणी हरकत घेतली नाही, कारण माझ्या आधी बोललेल्या गृहस्थांनी आठवीच्या गॅदरिंगला ‘गंमत जंमत’मधलं किशोरकुमारचं मराठी गाणं म्हटल्याचं सांगितलं होतं. तो सिनेमा 1987 चा. गृहस्थ तेव्हा नोकरीला होते.

यावरून नियम असा : गाणं बालपणाच्या दिशेने सहा-सात वर्षांपर्यंत सरकवता येतं. त्याहून जास्त सरकवायचं असेल तर ते वडिलोपार्जित आहे असं समजून सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घ्या. आमच्यात एक आहे, जन्म 1966 चा. त्याला गीतरामायणाचं पहिलं प्रसारण लख्ख आठवतं. पुणे केंद्रावरून 1 एप्रिल 1955 ला ते सुरू झालं, वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी झाली, आणि हा पठ्ठ्या जन्माआधी अकरा वर्षं, रेडिओला हार घालणाऱ्या आजीच्या पदराला धरून उभा आहे. त्याला कधीही अडवू नका. तो सांगतो त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, फक्त त्याचं नाही.

पायरी 3 : गाणी ठेवा, बाकीचं खोडा

ही पायरी नवशिक्यांना सगळ्यात जड जाते. तुम्ही डोळे मिटून रेडिओ आठवायला बसता आणि पहिलं काय येतं? गाणं येत नाही. सकाळी पाच कमी सातच्या संस्कृत बातम्या येतात. त्यांच्यामागून सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून सुधा नरवणे यांचा प्रादेशिक बातम्या देणारा आवाज येतो, ज्यावर अख्ख्या वाड्याचे बंब पेटायचे आणि डबे भरले जायचे. मग बाजारभाव : गूळ, हळद, शेंगदाणा, क्विंटलचे दर. मग दिल्लीच्या धीम्या गतीच्या बातम्या, ज्या वर्तमानपत्रवाल्यांना उतरवून घेता याव्यात म्हणून इतक्या सावकाश वाचायचे की वाक्य संपेपर्यंत मंत्री बदलेल असं वाटायचं. आणि जाहिराती! विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या आणि तेव्हापासून आपल्या पिढीला पाढे कच्चे आणि दंतमंजनं पक्की पाठ आहेत.

हे सगळं खोडा. हळदीच्या भावावर कुणी रडत नाही.

मागच्या मेळाव्यात एका भाबड्याने हे पाळलं नाही. माईक हातात घेतला, गाणं सुचेना, म्हणून त्याने संस्कृत बातम्यांची सुरुवात म्हणून दाखवली. तीन वाक्यांची ती सुरुवात. दुसऱ्या वाक्याला अख्खं सभागृह त्याच्याबरोबर म्हणायला लागलं. संस्कृतात पस्तीस टक्क्यांच्या वर कधी न गेलेले लोक, खणखणीत, एका सुरात, विसर्गासकट. दोन दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांना एकच गोष्ट आठवत होती. संयोजक मात्र नाराज झाला, कारण ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. पुढच्या वक्त्याने ताबडतोब “तो पाऊस, ती खिडकी” सुरू करून परिस्थिती आटोक्यात आणली.

पायरी 4 : गीतमालेचा बुधवार

बिनाका गीतमालेशिवाय भाषण म्हणजे वांग्याशिवाय भरीत. तेव्हा नीट ऐका. 1952 साली सुरू झालेला कार्यक्रम, बुधवारी रात्री आठ ते नऊ, रेडिओ सिलोन, अमीन सायानी. त्या देशाचं नाव 1972 मध्येच श्रीलंका झालं होतं, पण आमच्या वाड्यापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. आमच्यासाठी ते सिलोनच, आणि सिलोन हा देश नसून मालकांच्या रेडिओच्या काट्यावरची एक जागा होती. गाणी ‘पायदान’वर चढायची, उतरायची, बिगुल वाजायचा. बिनाका पेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी निघायचे. (प्राणी जरूर सांगा. तुमच्याकडे राखुंडी वापरत असतील तर दुप्पट जोरात सांगा.)

लघुलहरींचा आवाज लाटांसारखा यायचा आणि जायचा, हेही सांगा. आकाशात फार उंचावर विद्युतभारित थर असतो, त्यावर आपटून त्या लहरी समुद्र ओलांडून आपल्याकडे यायच्या. थर हलला की आवाज बुडाला. नेमका कुठलं गाणं कितव्या पायदानावर हे सांगायच्या क्षणी बुडायचा. असं का व्हायचं हे भौतिकशास्त्रात सापडत नाही.

आता एक गुपित. आमचे मालक मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, पावणेनऊला झोपणारे. पावणेनऊ म्हणजे पावणेनऊ, मग कुठलाही राजेश खन्ना येवो. बटण बंद व्हायचं तेव्हा गीतमाला अजून पाच-सहा पायदानं खाली असायची. म्हणजे माझ्या सगळ्या शालेय आयुष्यात पहिल्या क्रमांकाचं गाणं बुधवारी रात्री मी एकदाही ऐकलेलं नाही. कुडाच्या भिंतीपलीकडे खट्ट असा आवाज व्हायचा आणि तो आठवडा तिथेच संपायचा.

पण गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत विचारणा व्हायचीच : “काल पहिलं कुठलं?” आणि मी सांगायचे. न चुकता सांगायचे. पद्धत सोपी होती, तुम्हीही वापरा. मागच्या आठवड्यात वर चढत असलेलं एक गाणं धरायचं, चेहरा किंचित कंटाळलेला ठेवायचा आणि “तेच की, दुसरं काय” म्हणायचं. निम्म्या वेळा बरोबर यायचं. 1979 च्या वार्षिक कार्यक्रमाच्या वेळी मी ‘मुकद्दर का सिकंदर’वर पैज लावली आणि ‘डॉन’मधलं पानाचं गाणं पहिलं आलं. त्या गुरुवारी मात्र पंचाईत झाली.

वर्गात खरं फक्त एकीला माहीत असायचं. टेलरकाकांची मुलगी. त्यांच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत मशीन चालायचं आणि मशीनबरोबर रेडिओ. ती नवाच्या ठोक्यापर्यंत काजं करत बसायची, त्यामुळे तिला सोळा आणे माहिती. मी रांगेत थाप मारायचे तेव्हा ती माझ्यापुढे उभी असायची. मान वळवून एकदा बघायची आणि पुन्हा समोर तोंड करून प्रार्थना म्हणायला लागायची. चार वर्षांत एकदाही तिने मला उघडं पाडलं नाही.

सांगायचा मुद्दा, खोट्या आठवणींचा सराव लहानपणीच केलेला बरा. मोठेपणी जिभेला वळण लागत नाही.

पायरी 5 : फर्माइश

इथे झुमरीतलैयाचं नाव घ्या. तेव्हाच्या बिहारमधलं, आता झारखंडात असलेलं हे अभ्रकाच्या खाणींचं गाव फर्माइशींच्या कार्डांवर इतक्या वेळा यायचं की निम्म्या श्रोत्यांना ते गाव निवेदकानेच रचलंय असं वाटायचं. त्यानंतर लगेच आपल्या गावाचं नाव घ्या. ‘आपली आवड’मध्ये तुमचं नाव वाचलं गेलं होतं असं ठोकून द्या. पंधरा पैशांचं कार्ड, त्यावर पाच मैत्रिणींची नावं, आणि एका संध्याकाळी ती ओळीने हवेतून आली. त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण कुणाकडे असायचं कारण नाही, तेव्हा बिनधास्त राहा. मी स्वतः एकूण नऊ कार्डं टाकली. एकही वाचलं गेलं नाही. भाषणात मी दोन वाचली गेली असं सांगते. नऊच्या नऊ सांगितली तर अतिशयोक्ती वाटेल.

आमच्या बॅचचा या विषयावरचा हुकमी किस्सा आहे. तो ग्रुपवर महिन्यातून एकदा फिरतो, तेव्हा नमुन्यादाखल इथे देते. आम्ही नववीत असताना एका सोमवारी शाळेत बोभाटा झाला की आदल्या दिवशी ‘आपली आवड’मध्ये आमच्या वर्गातल्या दोघांची नावं जोडीने वाचली गेली. एक मुलगा आणि टेलरकाकांची मुलगी. कार्ड कुणी टाकलं, ठाऊक नाही. पण ऐकलं सगळ्यांनी. मधल्या सुट्टीपर्यंत चाळीसजणांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मीसुद्धा ऐकलं होतं. कुठलं गाणं होतं तेही मी सांगितलं, चेहरा किंचित कंटाळलेला ठेवून.

त्या रविवारी मालक जेजुरीला गेले होते. रेडिओ लागलाच नव्हता.

मुख्याध्यापकांनी टेलरकाकांना बोलावून घेतलं. ते कार्यालयाच्या बाहेर चप्पल काढून उभे होते, गळ्यात टेप तशीच. दहावीला ती नव्हती.

हा किस्सा सांगताना आवाज खेळकर ठेवा. तो मुलगा आता बँकेतून निवृत्त झालाय, किस्सा बहुतेक वेळा तोच रंगवून सांगतो, आणि “काय दिवस होते!” या वाक्यावर संपवतो. ती ग्रुपात नाही. नंबर कुणाकडेच नाही, म्हणतात. कुणी तिच्याबद्दल विचारलंच तर “लग्न करून गेली असेल मुंबईकडे” असं सांगा आणि चहाचं काय झालं ते बघायला उठा. मी दर वेळी उठते.

पायरी 6 : आजच्या गाण्यांना नावं ठेवा

हे सोपं आहे, याला तयारी लागत नाही. “हल्ली शब्दच कळत नाहीत” इथून सुरुवात करा. आपल्यालाही तेव्हा शब्द कळत नव्हते, म्हणून तर एस. टी. स्टँडवर मिळणारी सिनेगीतांची चोपडी आणून आपण शब्द वहीत उतरवून घ्यायचो, आणि त्या चोपड्यांतही चुका असायच्या, त्यामुळे आपली निम्मी पिढी आजही भलतेच शब्द भक्तिभावाने म्हणते. हे बोलू नका.

“आमच्या वेळचं संगीत म्हणजे संस्कार” असं वाक्य घेणार असाल तर एवढंच ध्यानात ठेवा की आपल्या आधीच्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मूळचे आपले पुण्याचेच, 1952 मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि सिनेसंगीताने देशाची अभिरुची बिघडते म्हणून आकाशवाणीवरची सिनेगीतं त्यांनी जवळजवळ हद्दपार केली. पेटीवर तर आकाशवाणीत 1940 पासूनच बंदी होती, ती थेट 1971 मध्ये सैल झाली. परिणाम काय झाला? लोकांनी काटा सिलोनकडे फिरवला. गीतमाला फोफावली ती त्या रिकाम्या जागेत. शेवटी सरकारला 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढून तीच गाणी स्वतःच वाजवावी लागली. म्हणजे जी गाणी ऐकून आज आपण संस्कारांच्या नावाने गहिवरतो, ती एके काळी संस्कारांपासून चोरून, परदेशी केंद्रावरून ऐकायची वस्तू होती. ‘कुर्बानी’तलं ते डिस्को लागलं की माझी आई भिंतीला हाताने थापटी मारायची, जणू भिंतच गातेय. आता माझी लेक जे ऐकते त्याला मी हेडफोन लावायला सांगते. कूड राहिला नाही, तेवढाच फरक.

हा परिच्छेद मेळाव्यात वाचू नका. “हल्ली शब्दच कळत नाहीत” पुरेसं आहे.

पायरी 7 : प्रत्यक्ष मेळावा

जेवणाआधी बोलायची पाळी मागून घ्या. श्रीखंडानंतर कुणाचेही डोळे पाणावत नाहीत, मिटतात. संयोजकाने ‘कारवां’ आणलेला असेल, जुन्या रेडिओच्या रूपाचं ते पाच हजार गाणी पोटात असलेलं खोकं. त्यावर खरखर नाही, आवाज बुडत नाही, पावणेनऊला खट्ट होत नाही. त्यामुळे त्यावर जुनं गाणं ऐकताना थोडं परक्याच्या घरी गेल्यासारखं वाटतं. तरी “अगदी तस्संच!” म्हणा.

ज्या सरांनी बाकावर ठेका धरला म्हणून डस्टर फेकून मारलं होतं, त्यांचा उल्लेख ‘देवमाणूस’ असा करा. ते पहिल्या रांगेत बसलेले असतात. त्यांना काही आठवत नाही, आणि ते नम्रपणे सगळं मान्य करतात.

गाण्याची एकच ओळ गुणगुणा. दुसरी सुरू केलीत तर लक्षात येईल की ती येत नाही. माझ्यासारख्यांना तर मुखड्यानंतर खट्ट एवढंच येतं.

आणीबाणी : खरी आठवण आल्यास

क्वचित असं होतं. नवशिक्यांनी याची तयारी ठेवलेली बरी, कारण ती सांगून येत नाही आणि मेळाव्यात तर कधीच येत नाही. घरी, भांडी घासताना वगैरे येते.

मला येते ती सैगलची. सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुन्या सिनेमांची गाणी लागायची आणि शेवटचं गाणं कायम कुंदनलाल सैगलचं असायचं. आठला दोन-तीन मिनिटं कमी असताना तो आवाज भिंतीतून यायचा. मालकांचा तो देव होता, बातम्या संपल्या की ते पुण्याचा काटा सिलोनकडे नेऊन तिथेच बसायचे. मला सैगलचं काही नव्हतं. तो मी जन्मायच्या वीस वर्षं आधी, जानेवारी 1947 मध्ये गेला होता, आणि मला तर तो सर्दी झालेला माणूस वाटायचा. पण आमच्याकडे चालू घड्याळ नव्हतं आणि शाळेची घंटा सव्वाआठची. आई मागे बसून वेण्या घालत असायची, डोक्यावर खोबरेल थापलेलं, तोंडात लाल रिबीन धरलेली. सैगल लागला की तिचे हात भराभर चालायला लागायचे. ती रिबिनीची गाठ मारायची, पाठीवर एक चापट द्यायची आणि म्हणायची, “सैगल लागला गं, नीघ.”

मी निघायचे. गाणं अर्ध्यात यायचं तोवर दिंडीदरवाजाबाहेर पडलेली असायचे. टेलरकाकांच्या दुकानासमोर ती थांबलेली असायची, दप्तर पोटाशी धरून. दुकानातल्या रेडिओवर तेच गाणं पुढे चाललेलं असायचं, आणि ती मात्र ते संपेपर्यंत जागची हलायची नाही. मी ओढायचे तिला. “थांब, एवढं संपू दे,” म्हणायची. मी कधीच थांबले नाही. ती मागून पळत येऊन मला गाठायची आणि धापा टाकत शेवट कसा झाला ते सांगायची.

आता फोनवर सैगलचं हवं ते गाणं अथपासून इतिपर्यंत मिळतं. मी तीन-चारदा लावून पाहिलं. दुसऱ्या अंतऱ्याला मी उठून उभी राहते आणि पाय दाराजवळ चपला शोधायला लागतात. नवरा विचारतो, “कुठे निघालीस?”

तुम्हाला असं काही झालं तर गडबडून जाऊ नका. फोन बंद करा, पदराने हात पुसा आणि पुन्हा पायरी 2 पासून सुरुवात करा. भाषण पाच मिनिटांचंच आहे, त्यात हे बसत नाही.